विजयादेवीची वेदी आणि राज्याची तिजोरी

इसवी सन ३८४ मध्ये रोमचा नगरपाल सिमॅकस याने सम्राट दुसरा व्हॅलेंटिनियन याच्याकडे एक विनंतीपत्र पाठविले. सम्राट मिलानमध्ये होता आणि वयाने जेमतेम तेरा वर्षांचा होता. रोमच्या सिनेटगृहात ऑगस्टसने इ.स.पू. २९ मध्ये विजयादेवीची वेदी स्थापिली होती आणि सभासद तिच्यापुढे धूप जाळीत असत. ३८२ मध्ये सम्राट ग्रेशियनने ती वेदी हलविली. ती पुन्हा जागेवर यावी, एवढेच सिमॅकसचे मागणे असल्याचे सामान्यतः सांगितले जाते. इतक्या मोठ्या गूढापर्यंत एकाच वाटेने पोहोचता येत नाही, सर्वांवर एकच आकाश आहे, मग कोण कोणत्या मार्गाने सत्य शोधतो याने काय बिघडते, हा त्याचा युक्तिवाद मराठी वाचकाला मुळीच परका वाटणार नाही.

सहिष्णुतेचा जाहीरनामा म्हणून या पत्राचा गौरव होतो आणि तो रास्तच आहे. परंतु त्याचा मोठा भाग पैशाविषयी आहे, याचा उल्लेख क्वचितच होतो. ग्रेशियनने वेस्टा देवीचा अग्नी राखणाऱ्या कुमारिकांचे सरकारी मानधन बंद केले होते आणि मृत्युपत्राने जमिनी मिळण्याचा त्यांचा हक्क काढून घेतला होता. सिमॅकसला ही उत्पन्ने परत हवी होती. रोमच्या प्राचीन धर्माचा अंत समजून घ्यायचा, तर वेदीइतकेच या तिजोरीकडेही पाहिले पाहिजे.

तो धर्म मरणपंथाला लागलेला, पोकळ होता, हे विजेत्यांनी रूढ केलेले चित्र. ‘पेगन’ हा शब्दही त्यांचाच. लॅटिनमध्ये त्याचा एक अर्थ खेडवळ असा होता. त्याच ३८४ मध्ये निधन पावलेला प्रेटेक्स्टाटस तर साम्राज्याच्या सर्वोच्च पदांवर वावरलेला विद्वान गृहस्थ होता. त्याच्या आणि पत्नी पॉलिनाच्या नावाचा स्मारकशिलालेख आजही रोममध्ये आहे. वेस्टा आणि सूर्य यांचे पौरोहित्य, एल्युसिसची दीक्षा, मिथ्रपंथातील सर्वोच्च पद असे सारे त्या एका पुरुषाच्या वाट्याला आलेले. पॉलिना हेकाटीची दीक्षित. एका देवाची दीक्षा घेतली म्हणून दुसऱ्याचा दरवाजा बंद होत नसे. देव व्यापाऱ्यांबरोबर फिरत आणि परक्या मुलखातही सुखाने नांदत. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत सापडलेली ग्रीक समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती हा त्याच वर्दळीचा आपल्याकडील पुरावा.

मिथ्राविषयी एक खुलासा येथेच केलेला बरा. त्याचे नाव वैदिक मित्राशी सख्खे नाते सांगते, पण रोममधील त्याचा पंथ केवळ पुरुषांचा आणि बव्हंशी तेथेच घडलेला. मिथ्राचा जन्मदिवस २५ डिसेंबर होता आणि ख्रिस्ती लोकांनी तो उचलला, असे आपल्याकडे हिरिरीने सांगितले जाते. त्याला प्राचीन पुरावा नाही. ३५४ च्या रोमन पंचांगात त्या दिवशी ‘अजिंक्या’चा जन्मदिन नोंदला आहे आणि तो सूर्यदेव मानला जातो. बाजू भक्कम असताना कच्चे दाखले कशाला हवेत?

ते जग सर्वथैव सौम्य होते, असेही नाही. इ.स.पू. १८६ मध्ये याच सिनेटने बॅकस देवाच्या गुप्त उत्सवांवर कठोर कारवाई केली. इ.स. १९ मध्ये टायबेरियसने इसिसच्या उपासकांवर वरवंटा फिरविला. ख्रिस्ती लोकांचा डेसियसच्या आणि ३०३ पासून डायोक्लेशियनच्या राजवटीत झालेला छळ तर प्रसिद्धच आहे. परंतु हे भय राज्याच्या सुरक्षिततेचे होते. शेजाऱ्याचा देव खोटा, म्हणून तो नष्टच झाला पाहिजे, ही भूमिका त्यामागे नव्हती. ती नंतर आली.

सिमॅकसला उत्तर दिले मिलानचा बिशप अँब्रोज याने. आमचा पंथ दारिद्र्यात आणि छळात वाढला, यांचे विधी मात्र अनुदानाविना टिकत नाहीत आणि इतके लाड करूनही कुमारिका जेमतेम सात, असा त्याचा टोमणा होता. तो बोचला, कारण त्यात तथ्य होते. कॉन्स्टंटाइनपासून सवलती आणि देणग्यांचा ओघ चर्चकडे वळला होता, हे अँब्रोज सोयीस्करपणे विसरला. शिवाय, वेदी परत दिलीत तर चर्चमध्ये तुमच्यासाठी पुरोहित नसेल, अशी दमदाटी त्याने तेरा वर्षांच्या मुलाला केलीच होती. याला वादविवादातील विजय म्हणणे कठीण आहे. (दैवगती अशी की, त्याच वर्षी मिलानच्या वक्तृत्वशिक्षकाच्या जागेसाठी सिमॅकसने ज्या तरुणाची शिफारस केली तो ऑगस्टिन पुढे अँब्रोजच्याच हातून बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती धर्माचा महान तत्त्वज्ञ झाला.)

दुखणे ओळखणारा एक माणूस मात्र वीस वर्षे आधी होऊन गेला होता. सम्राट ज्युलियनने ३६१ ते ३६३ या अल्प कारकिर्दीत जुन्या धर्माला पुन्हा उभारी देण्याचा प्रयत्न केला. गलेशियाचा मुख्य पुरोहित अर्सेशियस याला त्याने लिहिलेले म्हणून जे पत्र प्रसिद्ध आहे, त्यात मंदिरांपेक्षा धर्मशाळांची चिंता अधिक आहे. गॅलिलीवाले स्वतःच्या गरिबांबरोबर आपलेही गरीब पोसतात आणि आपले लोक मात्र आपल्याकडून उपेक्षित राहतात, ही त्याची व्यथा. त्यासाठी दरवर्षी ३०,००० माप धान्य देण्याची तजवीज पत्रात आहे. पण तेही पुन्हा तिजोरीतूनच! ज्युलियन इराणच्या मोहिमेत पडला आणि योजना तेथेच संपली. सेवेचे जे जाळे मंडळीच्या घराघरांतून विणले गेले होते, ते फर्मानाने कसे विणता येणार होते?

मग ८ नोव्हेंबर ३९२ चा थिओडोसियसचा कायदा आला. मंदिरे आधीच बंद झाली होती. आता पाळी देवघरांची. घरच्या कुलदेवतांपुढे अग्नी, मद्य वा धूप अर्पायचा नाही, दिवा लावायचा नाही, हार टांगायचा नाही, झाडाला फीत बांधायची नाही. जेथे धूप जळेल ते घर वा ती जमीन मालकाकडून जप्त. खबर दडविणाऱ्या अधिकाऱ्यालाही शिक्षा. वडाला दोरा गुंडाळणाऱ्या समाजाला या कलमाचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. एका वर्षापूर्वीच अलेक्झांड्रियाचे भव्य सेरापिस मंदिर जमीनदोस्त झाले होते.

कायद्याने सर्वत्र एकाच वेळी अंधार झाला, असे मात्र घडले नाही. इजिप्तच्या दक्षिण सीमेवर फिली बेटावर इसिसचे मंदिर होते. चित्रलिपीतील शेवटचा ज्ञात लेख तेथेच, २४ ऑगस्ट ३९४ रोजी कोरला गेला, म्हणजे थिओडोसियसच्या कायद्यानंतर. तेथे अनुदानापेक्षा भक्तांचा आधार मोठा होता. सीमेपलीकडचे ब्लेमी आणि नोबाडी हे लढवय्ये लोक इसिसच्या यात्रेला येत. पाचव्या शतकाच्या मध्यास रोमनांना त्यांच्याशी तह करावा लागला, तेव्हा फिलीची यात्रा करण्याचा आणि देवीची मूर्ती काही काळ आपल्या देशी नेऊन परत आणण्याचा त्यांचा हक्क ख्रिस्ती साम्राज्याने लेखी मान्य केला. जवळजवळ शंभर वर्षांनी जस्टिनियनने सेनानी नार्सिसला तेथे धाडले. प्रोकोपियस सांगतो की, पुजाऱ्यांना कैदेत टाकण्यात आले आणि मूर्ती कॉन्स्टँटिनोपलला रवाना झाल्या.