मुक्काम बर्फाजवळ, विश्रांती कागदावर

डिसेंबर २०२५च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची विमाने मोठ्या संख्येने रद्द झाली, हजारो प्रवासी अडकून पडले आणि वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम घराघरांत चर्चेला आले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ ऐवजी ४८ तास, रात्रीच्या लँडिंगची मर्यादा सहावरून दोन. चर्चा झाली ती तासांची. त्या तासांत शरीराचे काय होते, हा प्रश्न मात्र मागे राहिला. हिवाळ्यात परदेशी मुक्कामाला उतरलेल्या वैमानिकाकडे पाहिले की तो स्पष्ट होतो.

अमेरिकेतील डेन्व्हर शहर घ्या. फ्रँकफर्टहून निघालेला वैमानिक तिथे संध्याकाळी सहाला उतरतो, तेव्हा त्याच्या शरीराच्या घड्याळात पहाटेचे दोन वाजलेले असतात. हे घड्याळ दिवसाला साधारण एक तासच सरकते. त्यामुळे हॉटेलात लवकर झोप लागली तरी पहाटे तीनला डोळे उघडतात. परतीचे उड्डाण तिसऱ्या दिवशी संध्याकाळी. मधला दिवस मोकळा आणि सुमारे १३० किलोमीटरवर ब्रेकनरिज हे स्कीइंगचे प्रसिद्ध ठिकाण. मोह होणारच.

पण डेन्व्हरच मुळी १,६०० मीटर उंचीवर आहे आणि ब्रेकनरिज गाव २,९०० मीटरवर. तिथे श्वासागणिक मिळणारा ऑक्सिजन समुद्रसपाटीच्या सुमारे ७० टक्के भरतो. त्यात वैमानिक कोऱ्या शरीराने तिथे पोहोचत नाही. उडत्या विमानातील हवेचा दाबही साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीवरच्या दाबाइतकाच असतो आणि ती हवा अतिशय कोरडी असते. म्हणजे आदला दिवसही उंचीवरच गेलेला असतो.

अडीच हजार मीटरच्या वर गेल्यावर काहींना डोकेदुखी, मळमळ, थकवा जाणवतो. ही लक्षणे लगेच दिसत नाहीत. बहुधा सहा ते बारा तासांनी सुरू होतात. वर मुक्काम केला तर झोपेत श्वास मधूनमधून थांबतो आणि झोप तुटत राहते. हिमांधत्वाचेही तसेच. ताजा बर्फ सूर्याची अतिनील किरणे ८० टक्क्यांपर्यंत परावर्तित करतो. गॉगल न लावता दिवस घालवला तर डोळे दुखू लागतात, पाणी वाहते, उजेड सहन होत नाही. पण हे काही तासांनी, बहुधा रात्री. बरे व्हायला एक-दोन दिवस जातात. दिवसभर ठणठणीत वाटलेला माणूस रात्री आजारी पडतो, तो असा.

झोपेचा हिशेबही पाहावा. तिसऱ्या दिवशी पहाटे तीनला उठलेल्या वैमानिकाने दुपारी झोप काढली नाही, तर रात्री आठला त्याच्या जागरणाचे १७ तास पूर्ण होतात. तेव्हा तो हवेत असतो. सलग १७ तास जागे राहिल्यावर कामातील अचूकता रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्याइतकी घसरते, हे १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी दाखवले.

फेब्रुवारी २००९ मध्ये अमेरिकेत बफेलोजवळ झालेल्या अपघातात ५० जणांचा जीव गेला. वैमानिकाची चुकीची प्रतिक्रिया हे थेट कारण ठरले. थकव्याचा वाटा नेमका किती, हे तपासात ठरवता आले नाही. पण आदल्या रात्री दोघांपैकी एकही वैमानिक धड बिछान्यावर झोपला नव्हता. त्यानंतर, २०१४ पासून, तिथे उड्डाणापूर्वी दहा तास विश्रांती आणि त्यात आठ तास अखंड झोपेची संधी सक्तीची झाली. नियम संधी देतो. झोप देऊ शकत नाही.

म्हणून वैमानिकांच्या फिरण्यावर बंदी घालावी काय? मुळीच नाही. उजेड, व्यायाम, मोकळी हवा मनाला आणि शरीराच्या घड्याळालाही हितकारक असतात. पथ्ये साधी आहेत. फिरणे उड्डाणाच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत आटोपावे. रात्रीचा मुक्काम खाली शहरात करावा. गॉगल आणि भरपूर पाणी हवे, मद्य नको. गुडघा मुरगळला किंवा सर्दी झाली तर गुंगी आणणारे औषध घेऊन कॉकपिटमध्ये बसू नये.

दुसरी जबाबदारी कंपन्यांची आणि नियामकांची. ‘आज मी उडण्याच्या स्थितीत नाही’ असे सांगणाऱ्या वैमानिकाचा पगार कापला जाणार असेल किंवा त्याच्याकडे संशयाने पाहिले जाणार असेल, तर तो गप्प राहील आणि दुखरे डोळे चोळत उड्डाण करील. ४८ तासांचा नियम आवश्यकच आहे. पण थकल्याचे निर्भयपणे सांगता आले, तरच त्या तासांचा उपयोग. उशिरा सुटलेल्या विमानाबद्दल चिडताना प्रवाशांनीही एवढे लक्षात ठेवावे, की त्या उशिरामागे कुणाचा तरी प्रामाणिक नकार असू शकतो.