निर्लेखनाच्या शिक्क्याआधी

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नियमित आधार संपला आणि तेव्हापासून माझ्याकडे जुना संगणक घेऊन येणाऱ्यांचा सूर बदललाय. आधी लोक म्हणायचे, "मॅडम, लई हळू चालायलाय, बघा जरा." आता सांगतात, "दुकानवाला म्हणायलाय, ह्याच्यावर नवीन विंडोज बसत नसतं, भंगारातच घाला." परभणी जिल्ह्यातल्या सेलूत माझा टायपिंगचा वर्ग आहे, दुरुस्तीचं दुकान नाही. पण ज्यांच्या घरी संगणक आहे त्यांचं एखादं पोर कधी ना कधी मराठी तीस नाहीतर चाळीसच्या परीक्षेसाठी माझ्याकडे बसलेलं असतं, म्हणून तो डबा शेवटी माझ्याच टेबलावर येतो. या लोकांना, आणि त्यांच्याहून जास्त शाळा-कॉलेजांच्या कारभाऱ्यांना, मला सांगायचंय की ही यंत्रं संपलेली नाहीत. त्यांच्यावरचं ओझं तेवढं उतरवा.

विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा, म्हणजे २०१७च्या अखेरीनंतरचा लागतो. आमच्या भागातल्या घरांतून मी पाहते ते दुसऱ्या-तिसऱ्या-चौथ्या पिढीचे आय-थ्री, काही त्याच्याही आधीचे कोअर टू ड्युओ. कापसाची पट्टी आली त्या वर्षी थोरलीच्या एमएस-सीआयटीसाठी घेतलेले. पुण्यात नोकरीला लागलेल्या भावानं दिवाळीला येताना आणलेले सेकंडहँड लॅपटॉप. विंडोजच्या कंपनीनं जुन्या विंडोज १०ला सुरक्षेच्या दुरुस्त्यांसाठी वर्षभराची वाढीव मुदत दिली, तीही १३ ऑक्टोबर २०२६ला संपते. यंत्राचा पडदा शाबूत, कळा शाबूत, पंखा फिरतोय; बदलली ती फक्त अट. ज्या घरात या डब्यावर अर्ज, हिशेब, अभ्यास एवढंच चालतं, त्या घरानं त्या अटीपायी तीस-चाळीस हजार का घालावेत?

अशा यंत्रावर विंडोजऐवजी लिनक्स ही मुक्त प्रणाली बसवता येते. लिनक्समध्ये मूळ प्रणाली वेगळी असते आणि पडद्यावर दिसणारा डेस्कटॉप वेगळा. खिडक्या, पट्टी, मेनू, हे सगळं आपल्याला हवं तसं निवडता येतं. ही गोष्ट आपल्याकडे फार कमी लोकांना ठाऊक आहे, आणि माझ्या मते सगळी किल्ली तिथंच आहे. ग्नोमसारखा देखणा डेस्कटॉप जुन्या यंत्राला जड जातो. एक्सएफसीई हलका. ऑलिव्हिए फुर्दाँ यांनी तो १९९६ साली सुरू केला, आणि आजही त्याचं सूत्र तेच आहे : कामाला लागेल तेवढं असावं, उगीच काही नसावं. तैवानमध्ये २००६ साली एलएक्सडीई आला आणि पुढे त्याच्याच वंशात एलएक्सक्यूटी. तो त्याहूनही कमी खातो. आणखी खाली गेलं तर ओपनबॉक्स, आय-थ्री (हा प्रोसेसर नव्हे) असे नुसते खिडक्या सांभाळणारे प्रोग्रॅम आहेत. हौशी तरुणांनी ते जरूर शिकावेत. घरातल्या आजोबांपासून पाचवीतल्या नातीपर्यंत सगळ्यांनी वापरायचं असेल तर माझी पसंती डेबियन या लिनक्स प्रणालीवर एक्सएफसीई.

बसवणं अवघड नाही. आधी सगळ्या फायली बाहेरच्या डिस्कवर काढून घ्यायच्या, हे पहिलं आणि न टाळायचं काम. मग डेबियनची प्रतिमा पेन ड्राइव्हवर उतरवायची. इन्स्टॉलर चित्रमय पद्धतीनं चालवला की भाषांच्या यादीत मराठी दिसते. शेवटी शेवटी डेस्कटॉप निवडायचा पडदा येतो. तिथं ग्नोमपुढे आधीच खूण असते, ती काढून एक्सएफसीईपुढे करायची. बस्स, एवढ्या एका खुणेनं यंत्राचं पुढचं आयुष्य ठरतं. वायफायच्या चिपांसाठी लागणारं फर्मवेअर डेबियन १२पासून मूळ प्रतिमेतच येतं, त्यामुळे पूर्वीची मोठी अडचण गेली. एक मात्र पाहायचं : प्रोसेसर ६४ बिटांचा हवा, कारण ऑगस्ट २०२५मध्ये आलेल्या डेबियन १३ला ३२ बिटांचा इन्स्टॉलरच नाही. कोअर टू ड्युओ ६४ बिटांचाच आहे, तेव्हा तोही चालतो.

यानंतरचं काम मला फार आवडतं. खालची चित्रांची पट्टी काढून टाकते. वर एकच पट्टी ठेवते आणि तिच्यावर चार गोष्टी : फायली, लिबरऑफिस, फायरफॉक्स आणि भाषा दाखवणारं छोटं चिन्ह. विंडो मॅनेजरच्या बारकाव्यांत जाऊन सावल्या-पारदर्शकता देणारा कंपोझिटर बंद करते. यंत्र सुरू होताना आपोआप उठणाऱ्या गोष्टींची यादी उघडते आणि ब्लूटूथ, शेजारचे प्रिंटर शोधणारा प्रोग्रॅम, जे जे त्या घराला नको त्याच्यापुढची खूण काढते. मेमरी कमी असेल तर झेडरॅम चालू करते, म्हणजे मेमरीतलाच मजकूर दाबून बसवला जातो आणि हार्ड डिस्कची घरघर थांबते. एवढं झालं की माझ्या वर्गातली यंत्रं सुरू होऊन शांत बसलेली असताना पाचशे-सहाशे एमबीच्या आसपास मेमरी वापरतात. चार जीबीच्या यंत्रात बाकीची सगळी कामाला मोकळी. ब्राउझर मात्र ब्राउझरच आहे. दहा टॅब उघडले तर कुठलाही डेस्कटॉप वाचवणार नाही, हे मी घेऊन जाणाऱ्याला बजावून सांगते. जुनी हार्ड डिस्क काढून छोटी एसएसडी घातली तर फरक इतका पडतो की लोक यंत्र बदललं का विचारतात.

मोकळ्या पडद्याचा माझ्या मुलांना झालेला फायदा मी रोज पाहते. टायपिंग शिकताना नजर मजकुरावर आणि बोटं कळांवर राहिली पाहिजेत. कोपऱ्यातून हवामान, बातम्या, अपडेटच्या सूचना उसळत राहिल्या की सोळा वर्षांच्या मुलीचं लक्ष उडतंच. इथं पडद्यावर उसळण्यासारखं काही ठेवलेलंच नाही. पेन ड्राइव्हमधले फोल्डर शॉर्टकट करून टाकणारा तो व्हायरस आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या फिरतोय. सरावाच्या यंत्रांवर त्याचं काही चालत नाही.

आणि मराठी. लिनक्सवर मराठी लिहिता येतं का, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. उत्तम लिहिता येतं. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्ट निवडायचं, इंग्रजीशी अदलाबदल करायला एक कळ ठरवायची. इनस्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. क इंग्रजी 'के'च्या जागी, र 'जे'च्या जागी, पाय मोडायचा तो 'डी'च्या जागी. मी नव्या यंत्रावर पहिला शब्द टाईप करते तो "शेतकऱ्यांना". शिफ्ट धरून 'जे' दाबली की ऱ येतो, पुढे 'डी' आणि य. हा ऱ्य नीट जुळून आला तर फॉन्ट बरा आहे असं समजायचं. रेड हॅटनं मुक्त केलेला लोहित देवनागरी किंवा मुंबईच्या एक टाईपचा मुक्त फॉन्ट 'मुक्ता' घातला तर तो शब्द देखणा उमटतो. मजकुराची भाषा मराठी ठेवली की लोहितमध्ये ल आणि श आपल्या वळणाचे दिसतात, हिंदी पुस्तकातल्यासारखे नाहीत. माझ्या आईनं ज्या पाटीवर अक्षर गिरवलं त्या वळणाचा ल परभणीच्या एखाद्या मोडक्या लॅपटॉपवर फुकट मिळतो, कारण कुणीतरी बसून त्यासाठी काम केलंय. त्या लोकांविषयी मला फार आदर वाटतो. मेनूंचं मराठी भाषांतर काही ठिकाणी अपुरं आहे, मध्येच इंग्रजी शब्द डोकावतो. तेही काम कुणाला तरी करावं लागेल, आणि ते करायला परभणीत बसूनही हरकत नाही.

जिथं हे जमत नाही तिथली गोष्टही स्पष्ट सांगते. टंकलेखनाच्या परीक्षेसाठीची माझी यंत्रं विंडोजवरच आहेत आणि राहतील. परीक्षा ज्यावर होते त्यावरच मुलांनी शेवटचा सराव करावा. आपले सरकार केंद्र चालवणाऱ्यानं अंगठ्याच्या यंत्राची आणि डिजिटल सहीच्या किल्लीची खात्री केल्याशिवाय हात लावू नये. टॅलीवर हिशेब ठेवणारे अडत दुकानदार, कोरलड्रॉवर लग्नपत्रिका करणारे डीटीपीवाले यांचं काम अडेल. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांत टाईप केलेल्या जुन्या फायली तो फॉन्ट घातल्याशिवाय किंवा रूपांतर केल्याशिवाय वाचता येणार नाहीत. गावोगावच्या केंद्रांत सर्रास दिसणारा एक छोटा लेसर प्रिंटर लिनक्सवर फार छळतो, तेव्हा प्रिंटर आधी तपासावा. पण ही झाली धंद्याची यंत्रं. घरातलं, वसतिगृहातलं, शाळेच्या खोलीतलं यंत्र यांत कुठं बसतं? आमच्या कृषी विद्यापीठात एमएस्सी करणाऱ्या मुलांना प्रबंधासाठी संख्याशास्त्र लागतं, त्यासाठीचं 'आर' मुक्त आहे. नकाशांसाठी क्यूजीआयएस मुक्त आहे. मानवतकडच्या एका विद्यार्थ्यानं आपल्या सोयाबीनच्या प्रयोगाचं सगळं विश्लेषण असल्याच तिसऱ्या पिढीच्या लॅपटॉपवर 'आर'मध्ये केलं. मला ते आकडे कळले नाहीत. त्याचा चेहरा कळला.

आपल्याच राज्यात याचा पाया फार आधी घातला गेलाय. २००७ साली रायगड जिल्ह्यात कर्जत तालुक्यातल्या खैरात-धनगरवाडा या एकशिक्षकी शाळेत मुलांच्या हाती एक्सओ नावाचे छोटे हिरवे-पांढरे लॅपटॉप दिले गेले. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातले नागार्जुन त्या प्रयोगाच्या मागे होते. त्या यंत्राचा वेग ४३३ मेगाहर्ट्झ आणि मेमरी २५६ एमबी, म्हणजे आज आपण भंगारात घालायला निघालोय त्या यंत्रांच्या कितीतरी खाली. वर 'शुगर' नावाचा मुलांसाठी केलेला मुक्त डेस्कटॉप. धनगरवाड्यातल्या पोरांना तेवढ्यावर लिहिता आलं, चित्रं काढता आली, फोटो घेता आले. केरळनं तर सगळ्या सरकारी शाळांची व्यवस्थाच मुक्त प्रणालीवर नेली. २०१९ साली दोन लाखांहून जास्त संगणकांवर ती बसवताना तिथल्या सरकारी संस्थेनं तीन हजार कोटी रुपये वाचतील असा हिशेब मांडला होता. केंद्र सरकारचं मुक्त प्रणालीविषयीचं धोरण २०१५चं आहे. सी-डॅकची बॉस ही भारतीय भाषांतली लिनक्स प्रणाली त्याही आधीची. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरिअल प्रकल्पात लिनक्स आणि लिबरऑफिसचे धडे मराठीत ऐकायला मिळतात, फुकट. म्हणजे साहित्य सगळं आहे.

नाही ती फक्त तालुक्याच्या पातळीवर कुणाला तरी वाटणारी निकड. मी अनेक शाळांच्या संगणक खोल्या पाहिल्यात. खिडक्या बंद, यंत्रांवर चादरी, मे महिन्यात आत पाय ठेववत नाही इतका उकाडा. एका शाळेत मला सांगण्यात आलं की सगळी यंत्रं निर्लेखनाला लावलीत. मी परवानगी मागून त्यातलं एक उघडलं, मेमरीची पट्टी काढून खोडरबरानं तिचे सोनेरी दात पुसले, परत बसवली. यंत्र सुरू झालं. पेन ड्राइव्हवरून, आतल्या डिस्कला धक्का न लावता, एक्सएफसीई चालवून दाखवला. सर बराच वेळ उंदीर फिरवत बसले. मग म्हणाले, "कागद पुढं गेलेत मॅडम, आता काय करावं?" सरांना मी दोष देत नाही. नादुरुस्त वस्तू नियमानं काढून टाकणं त्यांचं कामच आहे आणि त्या कागदावर सही करणाऱ्या कुणालाही दुसरा मार्ग कुणी दाखवलेला नसतो.

म्हणून माझी मागणी त्या कागदापुरती आहे. संगणकाचं निर्लेखन करताना प्रस्तावात एक रकाना वाढवा : पेन ड्राइव्हवरून हलकी मुक्त प्रणाली चालवून पाहिली का, आणि निकाल काय. जिल्हा परिषदेला हे ठरवायला मुंबईचं तोंड बघावं लागेल असं मला वाटत नाही. समितीपुढे प्रस्ताव जाण्याआधीची तपासणी म्हणून ते सहज करता येईल. खर्च एका पेन ड्राइव्हचा आणि अर्ध्या तासाचा. जी यंत्रं खरोखर गेलीत ती खुशाल काढा, त्यांच्या मेमरीच्या पट्ट्या आणि डिस्क चालत असतील तर शेजारच्या यंत्रात घाला.

दुसरं, अडल्यावर विचारायला माणूस हवा. नुसती प्रणाली बसवून निघून गेलेल्याचं यंत्र पुढच्या पावसाळ्यात परत चादरीखाली जातं. परभणी जिल्ह्यात नऊ तालुके आहेत. पॉलिटेक्निक आणि कॉम्प्युटर सायन्सची मुलं प्रकल्पासाठी विषय शोधत फिरत असतात, तेव्हा एका तालुक्याच्या शाळा एका गटाकडे द्याव्यात, वर्षभरासाठी, गुणांसह. जिंतूर आणि गंगाखेडला प्रत्येकी दोन गट लागतील, तिथं वाड्या-तांडे लांब पसरलेत. सेलू तालुक्याचा गट माझ्या वर्गात बसू शकतो. दुपारी दोन ते चार खोली रिकामी असते आणि इन्व्हर्टर आहे.