डोकं थंड, इंजिन गरम

आमच्या गडहिंग्लजात दोन गोष्टी गार ठेवायचा सल्ला येता-जाता मिळतो: डोकं आणि इंजिन. पहिला सल्ला कुणी पाळत नाही. दुसरा नको तितका पाळतात, आणि माझं भांडण आहे ते त्याच्याशी.

परवा पुण्याचा भाचा त्याची टर्बोवाली गाडी घेऊन आला. डिकीतून त्यानं एक थर्मोस्टॅट काढला आणि देव्हाऱ्यातल्या टाकासारखा तळहातावर धरला. "मामा, कंपनीचा ८७ अंशांना उघडतो, हा ७१ ला. सावंतवाडीहून आंबोली घाट चढताना काटा वर जातोय. हा बसवला की इंजिन गार आणि पॉवर जादा!"

आता मी पडलो बँकेतला कारकून, बी.कॉम. इंजिनातलं मला काय कळणार? पण रांगेतलं कळतं. थर्मोस्टॅट म्हणजे बँकेचं शटर. त्यातलं मेण तापून फुगलं की ते उघडतं आणि इंजिनाचं पाणी रेडिएटरकडे सुटतं. ८७ ला उघडू लागलेलं शटर शंभरच्या आसपास सताड उघडं असतं. घाटात पाणी १०५ वर गेलं, तेव्हा याचंही शटर पूर्ण उघडं आणि त्याचंही! पेन्शनच्या दिवशी सगळी मंडळी साडेअकराच्या एस.टी.नं येतात. बँक दहाऐवजी नऊला उघडली म्हणून त्यांची रांग आटोपते का? खिडक्या वाढवाव्या लागतात. गाडीच्या खिडक्या म्हणजे रेडिएटर आणि पंखा. इंजिन निदान किती तापलेलं असावं, एवढंच थर्मोस्टॅट ठरवतो. आमच्या भाषेत, मिनिमम बॅलन्स!

"पण मामा, गार असलेलं बरंच की!"

बरं कसं? गुऱ्हाळातल्या गुळव्याला सांगून बघा, काहील जरा लवकर उतरव म्हणून. गूळ मिळणार नाही, काकवी मिळेल. इंजिनाचंही तसंच. पुरेसं तापलं नाही की तेल घट्ट राहतं, जळणातली वाफ तेलात पाणी होऊन बसते आणि दिवसेंदिवस चिखल साठतो. त्यात गाडीतल्या संगणकाला वाटलं की इंजिन अजून गारठलेलंच आहे, तर तो आणखी पेट्रोल ओततो. पेट्रोलचं बिल संगणक भरत नाही.

हे शहाणपण मला फुकट आलेलं नाही. पंधरा वर्षांपूर्वी माझ्या जुन्या गाडीचा थर्मोस्टॅट एका मिस्त्रीनं उपटून माझ्या हातावर ठेवला. "सायेब, आता गाडी तापायचीच न्हाई!" खरंच तापेना. डिसेंबरात बँक गाठेपर्यंत काटा पांघरूण घेऊन झोपलेला, पेट्रोल मात्र जागं. आणि घाटात? घाटात उकळलीच! शेवटी कळलं, रेडिएटरच्या जाळीत चिखल आणि उसाचं पाचट इतकं बसलं होतं की वाऱ्याला आत शिरायला फटच नव्हती.

कोइमतूरच्या करी ट्रॅकवर पाय दाबून फेऱ्या मारणाऱ्यांनी खुशाल कमी अंशांचा बसवावा. सोबत मोठा रेडिएटर लावावा, संगणकाची घडीही नव्यानं बसवावी. तिथं इंजिन थोडं गार राहिलं तर नॉकिंग लांबतं, चार घोडे जास्त मिळतात. पण आजऱ्याच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीमागं दुसऱ्या गिअरमध्ये रांगणाऱ्यानं ते घोडे बांधायचे कुठं?

भाच्याला मी पाण्याची नळी दिली. इंजिन निवल्यावर त्यानं रेडिएटरची जाळी धुतली. तिच्यातून निम्मा कोकण बाहेर पडला. पुढच्या फेरीला घाट चढून आल्यावर त्याचा फोन आला, "मामा, काटा हलला नाही." मामाचं बरोबर होतं, असं मात्र तो म्हणाला नाही.

तो ७१ चा थर्मोस्टॅट माझ्याकडेच राहिला. कागद उडू नयेत म्हणून मी तो टेबलावर ठेवलाय. वर पंखा आहे. अगदी गार असतो.