एक राजा होता, आणि ‘द’ कुठे लावायचा?

दिवाळीत आक्काकडे गेलो होतो. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, पारनेर तालुक्यात दिलेली. (आमचा जिल्हा 2024 पासून सरकारदरबारी अहिल्यानगर झाला, पण तोंडात अजून नगरच येतं. सवय जाता जात नाही.) फराळ झाला, ओसरीवर बसलो आणि भाच्याने एकदम प्रश्न टाकला, “मामा, इंग्रजीत ‘द’ नक्की कुठं लावायचा?”

भाचा सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात आहे. जिल्हा परिषदेची शाळा, गावातलं हायस्कूल, मग डिप्लोमा असं त्याचं शिक्षण. हातात कसब आहे, मशीन उघडून पुन्हा जोडेल. पण साहेबांसमोर इंग्रजीत बोलायची वेळ आली की गडी मुका. अशी आठ वर्षं गेली. त्याच्यामागून आलेले पुढे सरकले, हा तिथेच.

यंदा त्यांच्याकडे नवीन मशीन बसवायला चीनहून एक तंत्रज्ञ आला. त्याला मराठी-हिंदी येणं शक्य नाही, याला चिनी येत नाही. मधे राहिली ती इंग्रजी, आणि तीही दोघांची कच्ची! पहिल्याच दिवशी चिनी पाहुणा म्हणाला, ‘कॅन यू बॉरो मी पाना?’ (पाना हा शब्द त्याने एका दिवसात उचलला होता.) भाच्याच्या लक्षात आलं की ‘बॉरो’ चुकलं, ‘लेंड’ पाहिजे. आयुष्यात पहिल्यांदा कुणाची तरी इंग्रजीतली चूक त्याला सापडली होती. मला सांगताना त्याचा चेहरा बघण्यासारखा होता.

मला कुतूहल वाटलं, म्हणून मी घरी येऊन थोडं वाचलं. चिनी भाषेत उसनं घेणं आणि उसनं देणं दोन्हीला एकच क्रियापद आहे. आपल्याकडे निदान ‘घेणे’ आणि ‘देणे’ वेगळं. तो पाहुणा बाईमाणसालाही ‘ही’ म्हणायचा, त्याचंही कारण मिळालं. त्यांच्याकडे तो, ती, ते तिन्हींचा उच्चार एकच, ‘ता’. लिहिताना चिन्ह बदलतं, बोलताना नाही. क्रियापद काळाप्रमाणे बदलत नाही. ‘काल’ म्हटलं की झालं, फार तर क्रिया पुरी झाल्याचा एखादा छोटा शब्द जोडायचा. मग ‘गो’चं ‘वेन्ट’ करायची आठवण त्याला कशी राहणार? त्याची चूक बिनडोकपणाची नव्हती. त्याच्या आईच्या भाषेतून ती सरळ चालत आली होती.

आणि आपल्या चुका? त्याही तशाच. ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ हे आपण का म्हणतो? ‘मला दोन भाऊ आहेत’ मधला ‘आहेत’ आपल्याला सोडवत नाही म्हणून. ‘कझिन ब्रदर’ का म्हणतो? कारण चुलतभाऊ, मावसभाऊ, आतेभाऊ यांच्यात ‘भाऊ’ असतोच. इंग्रजी माणसाने तो टाकून दिला, आपल्याला ते बरं वाटत नाही :) ‘डिस्कस अबाउट’ म्हणतो, कारण आपण एखाद्या गोष्टी‘बद्दल’ चर्चा करतो. अशी प्रत्येक चूक उलगडली की आत मराठीचा एक धागा निघतो.

माझा मुद्दा हाच आहे. आपण मुलांना इंग्रजी शिकवताना मराठीला वर्गाबाहेर उभं करतो. जणू ती अडचण आहे. खरं तर ती आपली मोजपट्टी आहे. ‘द’चंच घ्या. मराठीत ‘द’ नाही, चिनीतही नाही. म्हणून हे दोघे एकाच खड्ड्यात पडलेले. मी भाच्याला व्याकरणाच्या पुस्तकातला नियम सांगायला लागलो, तो मान हलवत राहिला, डोक्यात काही शिरत नव्हतं. तेवढ्यात आत आक्का नातीला झोपवताना गोष्ट सांगत होती. “एक राजा होता. त्या राजाला दोन राण्या होत्या...”

मी म्हटलं, “ऐक. पहिल्यांदा आला तो ‘एक’ राजा. ऐकणाऱ्याला तो अजून माहीत नाही. दुसऱ्यांदा ‘त्या’ राजाला. आता तो ओळखीचा झाला. ‘एक’च्या जागी ‘अ’, ‘त्या’च्या जागी ‘द’. इंग्रजीला दरवेळी सांगावंच लागतं, आपण गरज पडली तरच सांगतो.”

भाचा दोन मिनिटं गप्प बसला. मग म्हणाला, “एवढंच होतं का मामा? मग हे शाळेत कुणी का नाही सांगितलं?”

एवढंच नाही, हे मलाही माहीत आहे. नद्यांना ‘द’ लागतो, गावांना लागत नाही, असल्या शंभर भानगडी आहेत. पण दार उघडलं की त्या हळूहळू आत येतात.

शब्दांचंही तसंच. पाठ केलेली यादी परीक्षेपुरती टिकते. शब्द जोडीने शिकावेत असं मला वाटतं. आपण अभ्यास ‘करतो’ आणि चूकही ‘करतो’, इंग्रजी माणूस होमवर्क ‘डू’ करतो आणि मिस्टेक ‘मेक’ करतो. नुसते ‘डू’ आणि ‘मेक’ पाठ करून काय उपयोग? सोबत कोण आहे ते बघायला हवं. उलट सांगणे, म्हणणे, बोलणे हे तीन शब्द आपल्याकडे आधीच वेगळे आहेत, त्यामुळे ‘टेल’, ‘से’, ‘स्पीक’ आपल्याला तसे सोपे जावेत.

आणि वाचन. इथे खरी मेख आहे. आपण म्हणतो ‘काल आलेला पाहुणा’. वर्णन आधी, पाहुणा नंतर. चिनी माणूसही असंच म्हणतो. इंग्रजीत पाहुणा आधी येतो आणि मागून त्याचं वऱ्हाड, हू अमुक, विच तमुक. म्हणून लांब वाक्य वाचताना आपला श्वास सुटतो. यावर माझा उपाय साधा. वाक्यात आधी कर्ता शोधायचा, मग त्याचं क्रियापद, बाकी वऱ्हाड नंतर जेवायला बसवायचं. मी हे शिकलो ते नगरला कॉलेजात असताना. अकरावीत सगळे विषय एकदम इंग्रजीत आले. पहिल्या महिन्यात एका सरांनी भर वर्गात माझ्या उच्चाराची नक्कल केली आणि सगळा वर्ग हसला. त्यानंतर दोन वर्षं मी वर्गात तोंड उघडलं नाही. संध्याकाळी वाचनालयात जाऊन इंग्रजी पेपरातली एकच बातमी वाचायचो. आधी शब्दकोशाशिवाय, मग शब्दकोश घेऊन, मग पुन्हा एकदा. बोलणं फार नंतर आलं. आधी वाचन आलं, आणि त्याने मला तारलं. म्हणून भाच्याला सांगितलं, बोलायच्या क्लासला पैसे घालण्याआधी रोज दहा ओळी वाच. मशीनचं मॅन्युअल वाच, ते तुझ्या ओळखीचं आहे.

इथपर्यंत मी मोठा शहाणा होतो. मग विषय नातीवर आला. भाच्याची मुलगी पाच वर्षांची आहे. तिला जूनपासून इंग्रजी माध्यमात घालायचं, असं घरात जवळजवळ ठरलंय. रोज बसने जाणं-येणं, फी भाच्याच्या पगाराला जड. मी म्हटलं, “कशाला? 2000 सालापासून मराठी शाळेतही पहिलीपासून इंग्रजी आहे. चीनने 2001 मध्ये तिसरीपासून ठरवलं, आपण त्यांच्या आधी. भाषेचा पाया घरचा असू दे, पुढे सेमी-इंग्रजी आहेच.” पाठोपाठ मी नेवाशाचंही सांगितलं. याच जिल्ह्यात 1290 साली गीता मराठीत उतरली. आणि नगरच्या किल्ल्यात कैदेत असताना 1944 मध्ये नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ इंग्रजीत लिहिलं. दोन्ही भाषा आपल्या मातीत नांदल्यात, असं बरंच काही.

आक्काने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “तुझी पोरं कुठं शिकली रे?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझी दोन्ही मुलं पुण्यात इंग्रजी माध्यमात शिकली. त्यांना ‘द’ कुठे लावायचा हे कधी विचारावं लागलं नाही. पण आईने जाण्यापूर्वी धाकट्याला लिहिलेलं दोन पानी पत्र त्याने माझ्याकडून वाचून घेतलं. अक्षरं लागत होती, अर्थ लागत नव्हता. हे मी आक्काला सांगितलं. ती म्हणाली, “पत्र वाचून द्यायला तू होतास. माझ्या पोराला साहेबापुढं बोलून द्यायला कोण होतं?”

तेव्हापासून हे वाक्य डोक्यात आहे. मराठीतून शिकावं हे माझं मत अजून तेच आहे. मुलगी घरी जी भाषा बोलते तीत विचार पक्का झाला तर दुसरी भाषा त्यावर उभी राहते, हे मी स्वतःवरून सांगू शकतो. पण त्या मताची किंमत मी भरली नाही आणि भाच्याने ती आठ वर्षं भरली, हेही खरं आहे. मराठी शाळेत इंग्रजी नीट, मायेने, मराठीचा हात धरून शिकवलं गेलं असतं तर त्याला मुका राहावं लागलं नसतं. ते न करता नुसतं ‘मातृभाषेत शिकवा’ म्हणणं म्हणजे दुसऱ्याच्या पोरावर उपास सोडणं. आम्ही पुणेकर झालेल्यांनी हे जरा जपून बोलावं.

शाळेचं काय ते भाचा आणि सूनबाई ठरवतील. मी एवढंच कबूल केलंय की दर रविवारी रात्री फोनवर अर्धा तास द्यायचा. मॅन्युअलचं एक पान आम्ही दोघं मिळून वाचतो. गेल्या रविवारी त्याने सांगितलं की चिनी पाहुण्याला त्याने ‘एक राजा होता’ समजावून सांगितलं, इंग्रजीत. आणि त्यालाही कळलं म्हणे.