निनावी मजकूर

वसुबारस उजाडली की अवकाशातून टिपलेल्या भारताचा एक फोटो मोबाइलवर येऊ लागतो. काळोख्या देशभर पांढरे, निळे, हिरवे, लाल ठिपके आणि खाली ओळ : दिवाळीच्या रात्री नासाने घेतलेले छायाचित्र. हा फोटो दिवाळीचा नाही आणि कोणत्याही एका रात्रीचाही नाही. अमेरिकी उपग्रहांच्या अनेक वर्षांच्या नोंदी एकत्र करून शास्त्रज्ञ ख्रिस एल्विज यांनी २००३ मध्ये तो तयार केला. १९९२ च्या आधीपासून दिसणारे दिवे पांढरे. १९९२, १९९८ आणि २००३ मध्ये नव्याने दिसू लागलेले अनुक्रमे निळे, हिरवे, लाल. वस्ती कशी वाढत गेली, ते दाखवणारा हा नकाशा आहे. नासाने २०१२ मध्येच तसा खुलासा केला आणि दिवाळीच्या दिव्यांनी पडणारी भर अवकाशातून बहुधा ओळखूही येणार नाही, असे सांगितले. फोटो तरीही दरवर्षी येतो.

त्याच्या पाठोपाठ पैशांचा संदेश. पाच शुक्रवार, पाच शनिवार आणि पाच रविवार असलेला महिना म्हणे ८२३ वर्षांतून एकदाच येतो. अकरा जणांना कळवा, चार दिवसांत धनलाभ होईल. ३१ दिवसांच्या महिन्यात चार आठवडे भरून तीन दिवस उरतात. पहिली तारीख शुक्रवारी आली की हे घडतेच. जुलै २०२२, डिसेंबर २०२३, मार्च २०२४, ऑगस्ट २०२५ : जुनी कालनिर्णये काढून कोणीही पडताळून पाहावे. आणि प्रत्येकाने खरोखरच नव्या अकरा जणांना कळवले, तर आठव्या फेरीला २१ कोटी ४३ लाख माणसे लागतील. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २३ लाख होती.

अशी साखळी आपल्याकडे नवी नाही. १९७५ मध्ये ‘जय संतोषी माँ’ चित्रपट गाजला, त्यानंतरच्या काळात देवीच्या नावाची पोस्टकार्डे घरोघरी येत. हाच मजकूर लिहून एवढी कार्डे टाका, अमक्याला लॉटरी लागली, तमक्याने कार्ड फाडले आणि त्याचा मुलगा गेला. पण ती कार्डे विकत आणावी लागत, हाताने लिहावी लागत. लिहिता लिहिता हात भरून येई आणि तेवढ्यात घरातले कोणीतरी विचारी, कशाला हे सगळे? आज ती मधली वेळच उरलेली नाही. अंगठा टेकला की मजकूर सासरी, माहेरी, सोसायटीच्या गटावर आणि शाळासोबत्यांच्या गटावर एकाच क्षणी पोहोचतो.

पाठवणाऱ्यांतल्या फार थोड्यांचा त्यावर पुरता विश्वास असतो, असे आम्हाला वाटते. बहुतेकांचे उत्तर एकच : पाठवून टाकले, त्यात काय बिघडते? आजची अंधश्रद्धा या प्रश्नात राहते. ज्याचे मूल अतिदक्षता विभागात आहे, त्याच्यापर्यंत ‘दुर्लक्ष केलेत तर तीन दिवसांत वाईट बातमी’ हे वाक्य पोहोचते, तेव्हा त्याने ते पुढे पाठवले तर त्याला हसणे निर्दयपणाचे आहे. आमचा राग ते वाक्य रचणाऱ्यावर आहे. पण आपण धडधाकट, सुखवस्तू माणसे ‘काय बिघडते’ म्हणत ते पुढे ढकलतो, म्हणूनच ते त्या माणसापर्यंत पोहोचते.

काय बिघडते, याचे उत्तर राईनपाड्यात मिळाले. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातल्या या गावी आठवडे बाजार भरला होता. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातून भिक्षा मागत आलेले, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे पोहोचले. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, असे संदेश त्या भागात मोबाइलवर फिरत होते. अनोळखी माणसे दिसताच गर्दीने त्यांना धरले, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि जीव जाईपर्यंत मारले. पाचही गेले. मारहाणीचे चित्रणही लोकांनी मोबाइलवर केले. पिढ्यानपिढ्या गावोगाव हिंडून पोट भरणारा हा समाज. अनोळखी गावात जाणे हाच त्यांचा व्यवसाय आणि त्या दिवशी तोच त्यांचा अपराध ठरला.

त्याच रात्री मालेगावात एका कुटुंबाला, त्यातल्या लहान मुलासह, अशाच संशयावरून जमावाने घेरले होते. पोलिसांनी आणि काही स्थानिक रहिवाशांनी त्यांना वाचवले. त्या रहिवाशांच्या मोबाइलवरही तेच संदेश आले असणार, हे विसरू नये. त्या वर्षी देशभर फिरलेली, मोटारसायकलवरून मूल उचलून नेल्याची चित्रफीत मुळात कराचीतल्या बालसुरक्षेच्या जनजागृतीसाठी बनवलेली होती. मुलाला परत आणून सोडल्याचा आणि पालकांना सावध करणाऱ्या फलकाचा शेवटचा भाग कोणीतरी कापून टाकला होता.

धनलाभाचा संदेश आणि टोळीचा संदेश एकाच वाटेने, एकाच सबबीवर प्रवास करतात : खरे निघाले तर? कोंबडी खाल्ल्याने करोना होतो, हा मजकूरही २०२० च्या सुरुवातीला याच सबबीवर पसरला आणि राज्यातल्या कुक्कुटपालकांना पक्षी मातीमोल भावाने विकावे लागले.

राईनपाड्याच्या महिन्यातच व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा आणली. एप्रिल २०२० मध्ये वारंवार पुढे गेलेल्या संदेशांसाठी ती एकावर आली. उपाय योग्य होता, पण तो फक्त वेग कमी करतो. कायद्यालाही मर्यादा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी अनेक वर्षे झुंज दिली, तो २० ऑगस्ट २०१३ ला त्यांची पुण्यात हत्या झाल्यानंतर आधी अध्यादेश म्हणून आणि त्याच डिसेंबरात कायदा म्हणून आला. त्याच्या आधारे भोंदूबाबाला पकडता येते, कारण त्याला चेहरा आणि पत्ता असतो. साखळीच्या संदेशाला दोन्ही नसतात.

या दिवाळी अंकाच्या कामात आम्हाला हा फरक सतत जाणवतो. १९०९ मध्ये काशीनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने दिवाळी अंकाची परंपरा सुरू केली. तेव्हापासून अंक कोणाचाही असो, त्यावर संपादकाचे नाव असते. छापलेल्या प्रत्येक ओळीबद्दल जाब विचारायला वाचकाला एक दार असते, आणि चुकीबद्दल वाचक तो विचारतातही. हे दार आम्हाला फार मोलाचे वाटते. त्याच कारणाने वार्षिक राशिभविष्य आम्ही यंदापासून बंद करत आहोत. बारा राशींच्या कोट्यवधी माणसांना येत्या वर्षी काय होईल, याचा जाब आम्ही देऊ शकत नाही. काही वाचक नाराज होतील, एक-दोन जाहिराती जातील, याची कल्पना आहे.

घराघरांत असा जाब विचारणे अधिक नाजूक आहे. काकांनी किंवा मावशीने पाठवलेला संदेश कुटुंबाच्या गटावर सगळ्यांसमोर खोटा पाडला, तर त्यांचा अपमान होतो आणि पुढचा संदेश ते तुम्हाला वगळून पाठवतात. फोन करावा. हा तुम्हाला कोणी पाठवला, एवढेच आपुलकीने विचारावे आणि वाटले तर त्या माणसालाही दोघांनी मिळून फोन लावावा.

फराळाच्या दिवसांत असे जे संदेश तुमच्याकडे येतील, ते आमच्या कार्यालयाच्या पत्त्यावर कागदावर उतरवून पाठवा. कोणत्या तारखेला आले, तेही लिहा. पाठवणाऱ्याचे नाव नको. त्यांतले जेवढे पडताळता येतील तेवढे पडताळून, तपशिलासह पुढच्या अंकात छापू, आणि खाली पडताळणाऱ्याचे नाव असेल.