तिची गोष्ट तिलाच सांगू द्या

पॅलेस्टाईन म्हटलं की आपल्या मोबाईलवर काय येतं? पडलेल्या इमारती, त्यांच्यापुढे रडणारी बाई आणि खाली मृतांचा आकडा. त्या बाईचं नाव काय, ती काय शिकली, तिला काय व्हायचं होतं, हे कुणी विचारत नाही. आपणही नाही. हळहळतो, शेअर करतो आणि पुढे जातो.

मग कुणीतरी म्हणतं, तिथल्या मुलींना ‘आवाज दिला’ पाहिजे. मित्रमैत्रिणींनो, इथेच गडबड आहे. आवाज त्यांच्याकडे पिढ्यान् पिढ्या आहे. प्रश्न आहे तो गोष्ट कुणाच्या ताब्यात राहते याचा.

पॅलेस्टाईनमध्ये ‘हिकाया’ नावाची गोष्टींची परंपरा आहे. हिवाळ्यातल्या रात्री घरातली म्हातारी बाई बोलीभाषेत गोष्ट सांगते, सुना-लेकी आणि पोरं भोवती बसून ऐकतात. सासुरवास, लग्न, सवत, हुशार मुलगी, मूर्ख राजा असं सगळं त्यात येतं. पुरुष सहसा तिथे बसत नाहीत, त्यामुळे एरवी बोलता येत नाही ते गोष्टीतून बोलता येतं. आपल्याकडे जात्यावर बसलेली बाई ओवीतून जे मोकळं करायची, तसंच. २००८ साली युनेस्कोने हिकायाला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं.

पण यादीत नाव आलं म्हणून बाईला मोकळीक मिळाली, असं होत नाही. इब्राहिम मुहावी आणि शरीफ कनाना यांनी अशा ४५ लोककथा गोळा करून १९८९ मध्ये पुस्तक काढलं. २००७ मध्ये हमासच्या ताब्यातल्या शिक्षण मंत्रालयाने ते अश्लील ठरवून शाळांच्या ग्रंथालयांतून काढायचा हुकूम दिला. लेखक-शिक्षकांनी ओरड केली, तेव्हा हुकूम मागे घ्यावा लागला. आज्जीच्या गोष्टी सरकारला अश्लील वाटल्या, बघा!

म्हणजे तिथल्या मुलीच्या तोंडावर दोन हात आहेत. एक लष्करी ताब्याचा, दुसरा घरातला. नाब्लुसची कवयित्री फदवा तुकान हिला लहानपणी एका मुलाने फूल दिलं, एवढ्यावरून भावाने तिची शाळा बंद केली. दुसरा भाऊ इब्राहिम स्वतः कवी. त्याने तिला घरी कविता शिकवली. पुढे ती अरबीतली मोठी कवयित्री झाली आणि आत्मचरित्रात तिने घरातल्या त्या कोंडीवरही लिहिलं. देशाचं दुःख मोठं आहे म्हणून स्वतःचं दुःख झाकून ठेवलं नाही. मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

आता दुसरी बाजू. नुसत्या गोष्टीने पोट भरत नाही. तिथल्या मुली शिक्षणात मागे नाहीत, पण २०२३ च्या युद्धाआधीसुद्धा शंभरातल्या वीस बायकाही कामाच्या बाजारात नव्हत्या. हे दुखणं समिहा खलील यांनी फार आधी ओळखलं होतं. १९६५ मध्ये त्यांनी अल-बिरे गावात ‘इनाश अल-उसरा’ ही संस्था काढली. शिवण, भरतकाम, साक्षरतेचे वर्ग आणि घरबसल्या करता येईल असं काम त्यांनी सुरू केलं. त्याच संस्थेने लोकगीतं, लोककथा, चालीरीती जमवल्या आणि छापल्या. हातात चार पैसे आणि त्याच छपराखाली आपली गोष्ट. याच समिहाबाई १९९६ मध्ये थेट यासर अराफत यांच्याविरुद्ध अध्यक्षपदाला उभ्या राहिल्या. हरल्या, पण उभ्या राहिल्या.

गोष्ट सुईनेही सांगता येते. १९८७ मध्ये पहिला इंतिफादा सुरू झाला तेव्हा पॅलेस्टिनी झेंडा लावायला बंदी होती. बायकांनी झेंड्याचे रंग आणि नकाशा आपल्या झग्यावरच भरले. अंगावरचा कपडा कोण कोण जप्त करणार?

गाझामध्ये प्राध्यापक रिफात अलारीर यांनी विद्यार्थ्यांना इंग्रजीत कथा लिहायला लावल्या. २०१४ मध्ये ‘गाझा राइट्स बॅक’ हे पुस्तक आलं. १५ तरुण लेखक, २३ कथा, आणि लिहिणाऱ्यांत बहुतेक मुली. त्याच सुमारास गाझातल्या तरुणांचा ‘वी आर नॉट नंबर्स’ हा उपक्रम सुरू झाला. ‘आम्ही आकडे नाही’, या नावातच सगळं आलं. प्रत्येक नव्या लेखकाला परदेशातला एक अनुभवी लेखक जोडून देतात. तो लेखन सुधारायला मदत करतो, पण गोष्ट मुलीची, नाव मुलीचं. ६ डिसेंबर २०२३ रोजी इस्रायलच्या हवाई हल्ल्यात अलारीर मारले गेले. त्यांच्या विद्यार्थ्यांनी लिहिणं थांबवलं नाही.

म्हणून मुलींच्या ‘सबलीकरणा’चा कुठलाही कार्यक्रम दिसला की मी तीन प्रश्न विचारते. काय सांगायचं हे मुलगी ठरवते की पैसे देणारा? घराविरुद्ध, पुढाऱ्यांविरुद्ध सांगितलं तरी तिच्या पाठीशी कुणी उभं राहतं का? आणि कार्यक्रम संपल्यावर तिच्या हातात काही उरतं का, हुनर, कमाई, छापील नाव? तिन्हींचं उत्तर ‘हो’ नसेल, तर तो कार्यक्रम तिच्या अश्रूंवर चालणारं दुकान आहे.

काही लोक म्हणतील, बॉम्ब पडत असताना गोष्टी कसल्या सांगता? आधी भाकरी, आधी औषध. अगदी बरोबर, भाकरी आधीच. पण घर पडतं तेव्हा वह्या, फोटो आणि गोष्ट जाणणारी आज्जीही त्याखाली जाते. ते नंतर कुठल्याच मदतीच्या ट्रकमधून परत येत नाही. ज्या पोरीने आज लिहून ठेवलं, तिच्याकडेच ते उरेल.

आपण इतक्या लांबून काय करायचं? पुढच्या वेळी आकडा शेअर करण्याआधी तिथल्या एका मुलीने स्वतः लिहिलेली एक गोष्ट पूर्ण वाचा. मग ती तिच्या नावासकट पुढे पाठवा. नाव गाळू नका.