९६ हजार पेशंटचा डेटा कुणी पाहिलाच नव्हता! संशोधनाचा डेटा खुला करा, ही मागणी का होते?

मे २०२० आठवतोय? लॉकडाऊन सुरू होता, लस यायला अजून बराच वेळ होता आणि घराघरात एका गोळीचं नाव पाठ झालं होतं, हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन. डोनाल्ड ट्रम्प या गोळीचं जाहीर कौतुक करत होते. भारत ती अनेक देशांना पाठवत होता. कोरोना पेशंटची सेवा करणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांनी खबरदारी म्हणून ती घ्यावी, असा सल्ला आयसीएमआरनं मार्चमध्येच दिला होता.

अशात २२ मे रोजी 'द लॅन्सेट' या नावाजलेल्या वैद्यकीय जर्नलमध्ये एक पेपर आला. सहा खंडांतली ६७१ हॉस्पिटल्स आणि ९६,०३२ पेशंट एवढा त्याचा आवाका होता. निष्कर्ष धक्कादायक होता. ही गोळी घेणाऱ्या कोरोना पेशंटमध्ये मृत्यूचं प्रमाण जास्त आहे आणि हृदयाचे ठोके बिघडण्याचा धोकाही जास्त आहे, असं त्यात म्हटलं होतं.

तीनच दिवसांत, २५ मे रोजी, जागतिक आरोग्य संघटनेनं या गोळीची चाचणी तात्पुरती थांबवली. फ्रान्सनं कोरोनासाठी ती वापरायची परवानगी काढून घेतली.

पण आकड्यांकडे बारकाईनं बघणाऱ्यांना एक गोष्ट खटकली. पेपरमध्ये २१ एप्रिलपर्यंत ऑस्ट्रेलियातल्या हॉस्पिटल्समध्ये ७३ मृत्यू झाल्याचं दाखवलं होतं. त्या तारखेपर्यंत अख्ख्या ऑस्ट्रेलियात कोरोनानं ६७ मृत्यू झाले होते. म्हणजे देशात जेवढी माणसं गेली, त्यापेक्षा जास्त एका अभ्यासात गेली होती!

डेटा पुरवणाऱ्या सर्जिस्फिअर या अमेरिकी कंपनीनं सांगितलं, आशियातलं एक हॉस्पिटल चुकून ऑस्ट्रेलियात मोजलं गेलं. शंभरहून जास्त शास्त्रज्ञांनी जाहीर पत्र लिहून मूळ डेटा तपासायची मागणी केली. स्वतंत्र तपासनीस नेमले गेले, पण करार आणि गोपनीयतेचं कारण देत कंपनीनं त्यांनाही पूर्ण डेटा दिला नाही. अखेर ४ जून रोजी चारपैकी तीन लेखकांनी पेपर मागे घेतला. ज्या डेटाच्या जोरावर जगभरातले निर्णय फिरले, त्याची खात्री आपण देऊ शकत नाही, हे त्यांनी मान्य केलं.

म्हणजे गोळी गुणकारी होती का? तर तसंही नाही. पुढे ब्रिटनच्या 'रिकव्हरी' या मोठ्या चाचणीत हॉस्पिटलमधल्या पेशंटना तिचा फायदा होत नसल्याचं दिसलं. पण ते सिद्ध झालं नीट केलेल्या चाचणीतून. कुणीही न पाहिलेल्या डेटातून नाही. फरक आहे तो इथे.

पेपर म्हणजे निकाल, डेटा म्हणजे उत्तरपत्रिका

दहावी-बारावीचा निकाल लागतो तेव्हा हातात मार्कशीट येते. मार्क कमी वाटले तर आपण बोर्डाकडे उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागतो. कुठल्या प्रश्नाला किती मार्क दिले आणि बेरीज बरोबर आहे का, हे त्यातूनच कळतं.

संशोधनाचंही तसंच आहे. जर्नलमध्ये छापून येणारा पेपर ही मार्कशीट. त्यामागची मोजमापं, पेशंटच्या नोंदी, सर्वेक्षणाचे फॉर्म, दुर्बिणीनं टिपलेले सिग्नल, हिशेबाचे प्रोग्रॅम ही उत्तरपत्रिका. पेपर छापण्याआधी इतर तज्ज्ञ तो तपासतात, पण त्यांच्याही हातात बहुतेक वेळा मार्कशीटच असते.

इथे आणखी एक गल्लत होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारनं 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही ६,००० कोटींची योजना मंजूर केली. सरकारी विद्यापीठं आणि संस्थांमधल्या विद्यार्थ्यांना सुमारे १३ हजार जर्नल्स वाचता यावीत, हा तिचा उद्देश. त्यामुळे पेपर वाचायची सोय होते. पेपरमागचा डेटा मिळेलच असं नाही. 'ओपन ॲक्सेस' आणि 'ओपन डेटा' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

एका विद्यार्थ्यानं एक्सेल शीट उघडली आणि...

हा फक्त डॉक्टरांचा प्रश्न आहे, असं वाटत असेल तर अर्थशास्त्रातला किस्सा बघा. २०१० मध्ये कारमेन राइनहार्ट आणि हार्वर्डचे केनेथ रोगॉफ या बड्या अर्थतज्ज्ञांनी एक पेपर लिहिला. देशाचं कर्ज जीडीपीच्या ९० टक्क्यांच्या वर गेलं की विकासदर पार कोसळतो, असं त्यात दिसत होतं. अशा देशांचा सरासरी विकासदर त्यांनी उणे ०.१ टक्का काढला होता. युरोप आणि अमेरिकेत सरकारी खर्चाला कात्री लावा म्हणणाऱ्या नेत्यांना हा पेपर आयताच सापडला.

मॅसेच्युसेट्स विद्यापीठातल्या थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याला वर्गातल्या अभ्यासाचा भाग म्हणून एखाद्या पेपरचा हिशेब पुन्हा करून दाखवायचा होता. त्यानं हा पेपर निवडला, पण उत्तर काही जुळेना. शेवटी त्यानं लेखकांकडेच फाइल मागितली आणि त्यांनी ती दिली. एक्सेलमध्ये सरासरी काढताना २० पैकी १५ देशांच्याच ओळी निवडल्या गेल्या होत्या. पाच देश सुटले होते. शिवाय काही वर्षांचे आकडे घेतले नव्हते आणि सरासरी काढायच्या पद्धतीवरही आक्षेप होता. हर्नडन आणि त्याच्या प्राध्यापकांनी २०१३ मध्ये हिशेब नव्यानं मांडला, तेव्हा उणे ०.१ च्या जागी अधिक २.२ टक्के आले.

लेखकांनी एक्सेलची चूक मान्य केली, पण जास्त कर्ज आणि कमी वाढ यांचा संबंध आहेच, यावर ते ठाम राहिले. ती चर्चा आजही चालू आहे. मात्र चर्चा होऊ शकली, कारण फाइल मिळाली. तीन वर्षं ती चूक कुणाच्याच लक्षात आली नव्हती.

डेटा खुला झाला की काय होतं?

चुका पकडणं हा झाला एक फायदा. दुसरा त्याहून मोठा आहे. एकानं जमवलेला डेटा दुसऱ्याच्या कामी येतो, तोही कधीकधी अशा कामासाठी, ज्याचा पहिल्यानं विचारही केलेला नसतो.

सगळ्यात गाजलेलं उदाहरण कोरोनाचंच. जानेवारी २०२० मध्ये शांघायच्या झांग योंगझेन यांच्या टीमनं विषाणूचा जनुकीय आराखडा शोधला. ११ जानेवारीला ऑस्ट्रेलियातले शास्त्रज्ञ एडवर्ड होम्स यांच्या मदतीनं तो इंटरनेटवर सगळ्यांसाठी टाकला गेला. दुसऱ्याच दिवशी झांग यांची लॅब 'सुधारणां'साठी बंद करण्याचा आदेश निघाला. पण तोवर आराखडा जगभर पोहोचला होता. दोनच दिवसांत मॉडर्ना कंपनी आणि अमेरिकी सरकारी संशोधकांनी लशीची रचना पक्की केली. १६ मार्चला पहिल्या माणसाला चाचणीचा डोस मिळालासुद्धा.

दुसरं उदाहरण आपल्या जुन्नर तालुक्यातलं. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही ३० अँटेनांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. २०१० ते २०१२ या काळात तिनं आकाशाच्या मोठ्या भागाची पाहणी केली. हा कच्चा डेटा जीएमआरटीच्या संग्रहात इतरांसाठी उपलब्ध होता. चार शास्त्रज्ञांच्या एका वेगळ्याच गटानं तो घेतला, नव्या पद्धतीनं तपासला आणि ९० टक्के आकाशाचा रेडिओ नकाशा जगापुढे ठेवला. त्यात सहा लाखांहून जास्त रेडिओ स्रोत होते. याच नकाशाचा माग काढत नेदरलँड्समधल्या लायडन वेधशाळेत पीएचडी करणाऱ्या आयुष सक्सेना आणि सहकाऱ्यांना २०१८ मध्ये १२ अब्ज प्रकाशवर्षं दूरची रेडिओ दीर्घिका सापडली. तोवर सापडलेली ती सगळ्यात दूरची रेडिओ दीर्घिका होती.

तिसरं उदाहरण एआयचं. प्रथिनांच्या रचना साठवणारी 'प्रोटीन डेटा बँक' १९७१ मध्ये अवघ्या सात रचनांवर सुरू झाली. जगभरातले शास्त्रज्ञ त्यात भर घालत राहिले. पुढे गुगल डीपमाइंडचा 'अल्फाफोल्ड' हा एआय याच साठ्यावर शिकला आणि २०२४ मध्ये त्याच्या निर्मात्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

मग डेटा देत का नाहीत?

अनेक पेपरच्या शेवटी एक ओळ असते, 'योग्य विनंती केल्यास डेटा देऊ.' क्रोएशियातल्या संशोधकांनी ही ओळ खरी करून बघायचं ठरवलं. २०२२ मध्ये छापून आलेल्या त्यांच्या अभ्यासात, डेटा देऊ असं लिहिणाऱ्या १,७९२ पेपरच्या लेखकांना मेल केले गेले. डेटा मिळाला १२२ पेपरचा. म्हणजे शंभरातले सातसुद्धा नाहीत.

दरवेळी लपवाछपवीच असते असं नाही. डेटा दुसऱ्याला वापरता येईल असा नीट लावायला वेळ आणि पैसा लागतो, आणि बढती मिळते ती पेपरवर. चार वर्षं फिरून जमवलेला डेटा दुसऱ्यानं घेऊन आपल्याआधी पेपर छापला तर, ही भीती असते. म्हणूनच अनेक वेधशाळा डेटा आधी काही महिने मूळ संशोधकाकडे ठेवतात आणि मग खुला करतात.

भीती देशांनाही असते. २००७ मध्ये इंडोनेशियानं बर्ड फ्लूचे नमुने जागतिक आरोग्य संघटनेला देणं थांबवलं होतं. आमच्या नमुन्यांवरून कंपन्या लस बनवणार आणि ती आम्हालाच परवडणार नाही, असा त्यांचा सवाल होता. नोव्हेंबर २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेनं ओमिक्रॉनची माहिती तातडीनं जगाला दिली. बदल्यात काय मिळालं? अनेक देशांनी त्यांची विमानंच बंद केली.

आणि सगळ्यात नाजूक मुद्दा खासगीपणाचा. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी नावं काढून टाकलेला जनुकीय डेटा घेतला, त्याला इंटरनेटवरच्या वंशावळीच्या माहितीची जोड दिली आणि जवळपास ५० जणांची ओळख शोधून काढली. नाव पुसलं म्हणजे माणूस लपला, असं होत नाही.

भारतात काय स्थिती आहे?

एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेनं हाहाकार उडवला होता, तेव्हा शेकडो भारतीय शास्त्रज्ञांनी पंतप्रधानांना जाहीर आवाहन केलं. चाचण्यांचा तपशील आणि विषाणूच्या जनुकीय नोंदी मिळाल्या तर पुढचा अंदाज बांधता येईल, पण आयसीएमआरकडचा तपशील सरकारबाहेरच्या शास्त्रज्ञांना मिळत नाही, अशी त्यांची तक्रार होती. तत्कालीन प्रधान वैज्ञानिक सल्लागार के. विजयराघवन यांनी त्याची दखल घेतली. पण ही मागणी ऐन लाटेत करावी लागली, हे विसरता येत नाही.

विशेष म्हणजे त्याआधी काही महिनेच केंद्राच्या नव्या विज्ञान धोरणाचा मसुदा आला होता. सरकारी पैशातून झालेल्या संशोधनाचा डेटा सर्वांना उपलब्ध असावा, असं त्यात म्हटलं होतं.

जानेवारी २०२५ मध्ये एक महत्त्वाचं पाऊल पडलं. 'जिनोम इंडिया' प्रकल्पातला १० हजार भारतीयांचा जनुकीय डेटा संशोधकांसाठी उपलब्ध झाला. तो फरीदाबादच्या इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटरमध्ये आहे. पण तो कुणालाही डाउनलोड करता येत नाही. संशोधकांनी अर्ज करायचा, नियम मान्य करायचे, मग डेटा मिळतो.

हा मधला मार्ग जगभर रूढ होतोय. दुर्बिणीचा डेटा सरसकट खुला करता येतो, कारण ताऱ्यांना खासगीपणा नसतो. माणसांच्या रक्ताचा, आजाराचा डेटा मात्र कुलूप लावून ठेवायचा आणि किल्ली कुणाला द्यायची याचे नियम जाहीर करायचे. तत्त्व सोपं आहे, शक्य तेवढं खुलं आणि गरज असेल तेवढंच बंद.

त्यामुळे पुढच्या वेळी 'संशोधनात सिद्ध झालंय' असा मेसेज ग्रुपवर आला तर फॉरवर्ड करण्याआधी मूळ पेपर उघडा. शेवटी 'डेटा अव्हेलेबिलिटी' असा छोटा मजकूर असतो. डेटा कुठे ठेवलाय ते तिथे लिहिलंय की नुसतंच 'विनंती केल्यास देऊ' म्हटलंय, एवढं बघा. लॅन्सेटचा तो पेपर आल्यावर सगळ्यांनी हाच प्रश्न पहिल्या दिवशी विचारला असता, तर पुढचे १३ दिवस वाचले असते.